गुलाबी पाणी

घरी माणसं यायची म्हटली की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच. खाणार काय? हा प्रश्न विचारतात प्रेमानं आणि भांडणही होतं ह्याच प्रश्नावरून. तुमच्या घरी होत नसेल तर तुम्ही भाग्यवान. हिंगणीच्या जयवंताबाईंच्या घरी मात्र गेली दोन वर्षं ह्या एका प्रश्नानं सगळ्यांची झोप उडवली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा आदेश, सून रूपाली आणि चार वर्षांची नात इला नागपूरहून गाडीनं आले. गाडीतून कपड्यांच्या बॅगेआधी उतरला एक थर्माकोलचा डबा. त्यात बर्फ, बर्फात पॅकेटं. पॅकेटावर चित्र झणझणीत मटणाचं आणि खाली छापलेलं, की यात मटण नाही!

जयवंताबाईंनी एक पॅकेट चिमटीत धरून उजेडात फिरवून पाहिलं. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं.

"मंग हाय तरी काय यात?"

"वाटाण्याचं आणि सोयाबीनचं प्रोटीन आहे, आई," रूपाली म्हणाली. "रस्सा केला की अगदी मटणासारखं लागतं. परवा पोळ्याची कर, सगळं गाव मटण खाणार. मग आदेशलाही वाटतंच ना!"

"वाटाण्याले मटनासारखं करतेच कायले? वाटाणा वाटाण्यासारखा लागला तं कोणाच्या पोटात दुखते?"

अण्णाजी, म्हणजे जयवंताबाईंचे यजमान, खो-खो हसले. रूपालीही हसली. जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यांचं दुःख समजून घ्या हो. अण्णाजींच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. ज्या घरच्या दुधावर आदेश वाढला, त्या घरात आता त्याची मुलगी दुधाचा थेंब घेत नव्हती. दोन वर्षांपूर्वी आदेशनं आणि रूपालीनं दूध, तूप, अंडी, मटण सगळं सोडलं. जनावरांचे हाल पाहवत नाहीत, म्हणाले. सोडलं तर सोडलं, मोठी माणसं आहेत. पण लेकराला कशाला? जयवंताबाई इलाचं मनगट हातात घेत आणि त्यांचा जीव खालीवर होई. आपली नात आपल्या डोळ्यांदेखत वाळून चालली, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

त्या खात्रीला रोज खतपाणी घालायला शेजारचे डोमाजी होतेच. डोमाजींचा मोबाइल म्हणजे गावचं चालतंबोलतं संकट. ते पॅकेट पाहून गेले आणि लगेच एक व्हिडिओ घेऊन परत आले.

"पाह्य वहिनी, पाह्य! हे नकली मटन कारखान्यात बनवते. मशीनमंधून पिळून काढते शेवयांवानी. लेकराची वाढ थांबते, असं सांगून राह्यला हा मानूस."

"हा मानूस कोन व्हय पण? डॉक्टर हाय का?" अण्णाजींनी विचारलं.

"आता डॉक्टर असन नाई तं काय! पांढरा कोट घालून हाय ना!"

अण्णाजींनी तोंड फिरवलं. जयवंताबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

संध्याकाळी अण्णाजी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावत होते. जयवंताबाई दावणीशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आवो, मी काय म्हन्ते, लेकराच्या गिलासात आपल्या म्हशीचं दूध टाकून देऊ का? कोणाले मालूम होईन?"

अण्णाजींचा हात थांबला. "नाई, आदेशची माय. तिच्या मायबापाले फसवून त्या लेकराले काही पाजायचं नाई. तुले पटत नसन तं तोंडावर बोल, भांड, पण चोरून नाई."

"बरं बाप्पा!" असं म्हणून त्या आत गेल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी पाळला. म्हशीचं दूध त्यांनी खरंच दिलं नाही. पण डोकं काही गप्प बसेना.

इलासाठी रूपाली सोयाबीनच्या दुधाची खोकी आणत असे. रोज सकाळी त्यात कोको आणि गूळ घालून ती लेकराला मोठा पेला देई. जयवंताबाईंनी ते खोकं उचलून सुनेला विचारलं होतं, "हे किती दिवस टिकते?" रूपाली म्हणाली, "बंद असलं तर कित्येक महिने." संपलं! महिनोन्‌महिने जे नासत नाही ते दूध असेल कसं? त्यात काहीतरी औषध असलंच पाहिजे! आपलं दूध दुपारपर्यंत तापवलं नाही तर फाटतं. जे फाटतं ते खरं, एवढा साधा हिशोब त्यांनी केला.

आणि मग त्यांना स्वतःलाच खूप आवडलेला एक तोडगा सुचला. ह्यांना सोयाबीनचंच दूध पाहिजे ना? मग घरचं काढून देऊ! बचत गटाच्या प्रशिक्षणात त्या ते शिकल्या होत्या. भिजवायचं, वाटायचं, गाळायचं, उकळायचं. सुनेचा नेमही मोडत नाही आणि लेकराच्या पोटात औषधंही जात नाहीत. आता सांगा, ह्यात वाईट काय दिसतं?

मागच्या खोलीत निळा ड्रम होता. गेल्या हंगामाचं सोयाबीन दिवाळीतच बाजार समितीत गेलेलं, नवं अजून शेतात शेंगेत. घरात सोयाबीन होतं ते एवढंच, ड्रमातलं. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल सजवण्यात गुंतलेले असताना त्यांनी त्यातलं तांब्याभर काढलं आणि धुतलं. पहिलं पाणी गुलाबी निघालं. त्यांनी ते मोरीत ओतलं, दुसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदा चोळून धुतलं. पाणी स्वच्छ आलं तेव्हा दाणे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी दूध काढून उकळलं. बोटावर घेऊन चाटलं. जरा कडसर लागलं, पण सोयाबीनच ते, कडसर लागणारच. मग रूपालीचं फोडलेलं खोकं घेतलं, त्यातलं दूध मोरीत ओतलं आणि नरसाळं लावून आपलं दूध त्यात भरलं. झाकण लावलं. खोकं फ्रिजमध्ये जिथं होतं तिथंच ठेवलं.

रूपालीनं नेहमीसारखा कोको घालून पेला भरला आणि आपल्या हातानं लेकराला पाजला.

*

पोळ्याची कर म्हणजे आपल्या भागात घराघरातून मटणाचा वास. जयवंताबाईंच्या चुलीवरही दोन भांडी चढली होती. मोठ्या पातेल्यात खरं मटण, लहान पातेल्यात रूपालीचं पॅकेटातलं. मसाला मात्र एकच, जयवंताबाईंच्या हातचा. आदेशनं ताट साफ केलं, रूपालीनं खाल्लं, इलानं चार तुकडे खाल्ले आणि "आजी, तिखट!" म्हणून पाणी मागितलं. रूपालीनं पाण्याऐवजी पुन्हा त्या खोक्यातलं दूध दिलं.

दुपारी मारुतीच्या देवळापुढं तान्हा पोळा भरला. पोरंटोरं लाकडी नंदी ओढत आली. इलाच्या नंदीला अण्णाजींनी स्वतः रंग दिला होता, शिंगांना बेगड लावली होती. ती ओळीत उभी राहिली, आजीकडं बघून हात हलवला आणि खाली बसली. पुन्हा उठली आणि भडाभडा ओकली. जयवंताबाई धावल्या. लेकरू घामानं चिंब, डोळे अर्धवट, हाक मारली तर "हं" एवढंच.

"इला! बेटा, इला! आवो, पाह्य ना काय झालं माह्या लेकराले!"

गर्दीतून डोमाजींचा आवाज आला, "म्या म्हटलं नव्हतं? म्या म्हटलं नव्हतं का? त्या नकली मटनानं झालं हे!"

एक शब्द, आणि तो सगळ्या देवळापुढं पसरला. बायका रूपालीकडं बघायला लागल्या. कोणी म्हणालं ताक पाजा, कोणी म्हणालं नजर उतरवा. आदेशनं कोणाचंच ऐकलं नाही. लेकराला उचललं आणि गाडी सेलूच्या रस्त्याला लावली.

गाडीत मागं इलाचं डोकं जयवंताबाईंच्या मांडीवर, पाय रूपालीच्या. जयवंताबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

"घ्या! झालं समाधान? घरी दूध-तुपाच्या चरव्या भरल्या हायेत अन् लेकराले कारखान्यातलं खाऊ घालून राह्यली! काऊन? कोणत्या देवानं सांगितलं? लेकराले काही झालं ना रूपाली, तं मी तुले जन्मात माफ नाई करणार!"

"आई, बस कर!" आदेश ओरडला. अण्णाजी पुढच्या सीटवरून वळून नातीकडं बघत होते.

रूपाली रडत होती. रडता रडता म्हणाली, "आई, बरोबर आहे तुमचं. पोळ्याच्या रात्री लाइट गेली होती ना... पॅकेटं पार मऊ पडली होती. मला वाटलं, वास तर येत नाही, चालेल. टाकून द्यायला पाहिजे होती. माझीच चूक आहे. ती बरी होऊ दे फक्त. तुम्ही म्हणाल ते तिला देईन. म्हशीचं दूध देईन, अंडी देईन. पुन्हा तोंड उघडणार नाही मी."

दोन वर्षं जे ऐकायला जयवंताबाईंचे कान आसुसले होते, ते हेच. खोटं कशाला बोलू, त्या भीतीतही त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं. शेवटी आलीस ना वाटेवर! असं वाटलं त्यांना. आपल्याला नसतं का वाटलं?

*

सेलूच्या दवाखान्यात डॉक्टर प्रेरणा होत्या. वर्ध्याकडच्याच, वयानं लहान, आवाज करारी. त्यांनी इलाला तपासलं, सलाईन लावली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, नाडी मोजली. मग वळून विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

एकाच वेळी सगळे बोलले. डॉक्टरांनी हात वर केला. "एकानं."

जयवंताबाईंनी आघाडी घेतली. "डॉक्टरीणबाई, हे लोक दूध खात नाईत, अंडं खात नाईत. नकली मटन खाऊ घातलं लेकराले, वाटाण्याचं. थ्यानंच झालं. लिहून घ्या तुम्ही!"

"आजी, मी आधी ऐकते, मग लिहिते. ते मटण आणखी कोणी खाल्लं?"

"मी खाल्लं," आदेश म्हणाला. "हिनंपण."

"तुम्हाला काही? मळमळ? चक्कर?"

"नाही. काहीच नाही."

"पॅकेट वितळलं होतं," रूपाली मान खाली घालून म्हणाली. "रात्रभर लाइट नव्हती."

"वितळलेलं अन्न वापरलंत हे चुकलंच. त्यानं विषबाधा होऊ शकते, नाही असं नाही. पण तीन जणांनी एका पातेल्यातलं खाल्लं आणि एकाच लेकराला त्रास झाला, तर मी त्या पातेल्यावरच बसून राहत नाही. हिनं एकटीनं काय घेतलं?"

"सकाळी दूध. जेवताना पुन्हा दूध," रूपाली म्हणाली. "सोयाबीनचं. खोक्यातलं, नागपूरहून आणलेलं."

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. सांगावं का? पण त्यात सांगण्यासारखं काय? घरचं सोयाबीन, घरच्या हातानं काढलेलं, उकळलेलं. घरच्यानं कधी कोणाला बाधलंय? उगाच आपलीच शोभा! त्या गप्प बसल्या.

"ठीक आहे. ते पॅकेट आणि खोकं दोन्ही मागवून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर शिळ्या अन्नाची बाधा धरून चालते. पण मला एक पटत नाही. एवढा घाम आणि एवढी गुंगी शिळ्या अन्नानं सहसा येत नाही." त्या अण्णाजींकडं वळल्या. "काका, शेती आहे ना? घरात फवारणीचं औषध असतं?"

"नाई जी. फवारणीचं सारं शेतातल्या खोलीत, कुलपात."

"बियाण्याला लावायचं?"

"थे तं पेरणीच्या वक्तालेच लावून झालं. उरलेलं बियाणं तेवढं हाय घरी, निळ्या ड्रमात. दुबार पेरणी लागली तं असो म्हणून ठेवलं होतं. सोयाबीनचं. बुरशीचं लाल औषध लावलं हाय त्याले, वरून किडीचं. पण थे कोण खाईन डॉक्टरीणबाई? थे तं जहर व्हय!"

जहर! जयवंताबाईंच्या डोळ्यांपुढं मोरीतून वाहून जाणारं ते गुलाबी पाणी आलं. त्या भिंतीला टेकल्या.

पेरणीच्या दिवशी त्यांनीच तर अण्णाजींना ताडपत्रीवर ते औषध चोळताना पाहिलं होतं. हातात मोजे घालून. तेव्हा त्यांनीच ओरडून सांगितलं होतं, कोंबड्या हाकला, कोंबड्या हाकला! मग काल ते आठवलं कसं नाही? कारण काल त्या दुसऱ्याच्या पॅकेटात जहर शोधत होत्या. आपल्या ड्रमात शोधायचं त्यांच्या मनात आलंच नाही. वरचं काहीही धुतलं की जातं, असं सगळं गाव म्हणतं, तसंच त्याही ते गुलाबी पाणी ओतताना मनाशी म्हणाल्या होत्या.

आता बोलायचं की नाही? न बोलल्या तर कोणाला कळणार होतं! गाव सुनेला बोल लावून मोकळं झालं होतं, सून स्वतः गुन्हा कबूल करून बसली होती. उद्यापासून लेकराच्या पेल्यात म्हशीचं दूध येणार होतं. जे पाहिजे ते सगळं हातात आलेलं! आणि पलंगावर लेकराचा हात सलाईनच्या पट्टीखाली निपचित पडलेला.

"डॉक्टरीणबाई!" जयवंताबाईंचा आवाज इतका फाटला की नर्सही थांबली. "त्या खोक्यात नागपूरचं दूध नव्हतं. म्या बदललं. त्या ड्रमातलं सोयाबीन वाटून म्या दूध काढलं अन् त्यात भरलं! तीनदा धुतलं होतं हो, तीनदा... माह्याच हातानं झालं हे! माह्या सुनेचं काही नाई यात. काही नाई!"

आदेश आईकडं बघत राहिला. रूपालीनं एकदा आपल्या हाताकडं पाहिलं, पेला भरणाऱ्या, आणि लेकराच्या उशाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

डॉक्टर मात्र एक क्षण थांबल्या नाहीत. "औषधाचं नाव? काका, पुडी कुठं आहे? शेतावर कोणी असेल तर फोटो पाठवायला सांगा, आत्ताच्या आत्ता!" अण्णाजींनी गजेंद्रला, शेजारच्या शेतकऱ्याला, फोन लावला आणि खोलीची किल्ली कुठं ठेवलीय ते सांगितलं. त्यानं पुडीचे आणि बाटलीचे फोटो पाठवले. डॉक्टरांनी ते वाचले, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात कोणाला तरी विचारलं, इंजेक्शनं बदलली, नळी घालून पोट धुतलं. मग जयवंताबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, वेळेवर बोललात. नाहीतर मी शिळ्या मटणाच्याच मागं लागले असते."

जयवंताबाईंना ते ऐकून जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "माझा नंदी कुठं आहे?" अण्णाजींनी उपरण्यानं डोळे पुसले. नंदी देवळापुढंच राहिला होता.

*

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं. डोमाजींच्या व्हिडिओची गोष्ट अण्णाजींनी त्यांना सांगितली होतीच. रूपालीला वाटलं, आता डॉक्टर आपली बाजू घेणार. पण डॉक्टरांनी पहिलं तिच्याकडंच मोर्चा वळवला.

"इलाला बी-बारा व्हिटॅमिनचे थेंब देता?"

रूपाली चाचरली. "आधी देत होतो. मग आमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं की पालेभाज्यांतून मिळतं सगळं. म्हणून बंद केले."

"ग्रुपवर! आणि आजींना डोमाजींच्या मोबाइलवर! मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला हो?" रूपालीची मान खाली गेली. "दूध-अंडी सोडायची तर सोडा. नीट आखून जेवण दिलं तर लेकरं वाढतात. पण बी-बारा पालेभाजीतून भरवशानं मिळत नाही. ते वेगळं द्यावंच लागतं. नाही दिलं तर रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, लहान लेकराच्या मेंदूवरही परिणाम होतो. हिचं रक्त तपासायला पाठवलंय, वजन मी दर महिन्याला बघणार. आणि ते पॅकेटातलं मटण सणावारी ठीक आहे. त्यात मीठ बरंच असतं. काही जणांना सोयाबीनची, गव्हाची ॲलर्जी असते. झाडापासून केलं म्हणून ते आपोआप औषध होत नाही, आणि कारखान्यात केलं म्हणून आपोआप विषही होत नाही."

"मंग विश्वास तरी कशावर ठेवायचा जी?" अण्णाजींनी विचारलं.

"संशय घ्या ना काका! मी तर दिवसभर तेच करते. पण संशय सगळ्यांवर सारखा घ्या. पॅकेटावर घ्या, तसा आपल्या ड्रमावर घ्या. मोबाइलवर घ्या, तसा स्वतःच्या मनावरही घ्या. आणि दुसऱ्याच्या पेल्यात त्याला न सांगता काही घालू नका. अमृत असलं तरी नाही. कारण मग तो पेला बाधला तर डॉक्टरला कळणार कसं, आत काय होतं?"

परतीच्या गाडीत इला रूपालीच्या मांडीवर झोपली. केळझरच्या गणपतीचा फाटा दिसला तसे जयवंताबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. मग म्हणाल्या, "रूपाली, मी तुले जन्मात माफ नाई करणार, असं म्हटलं होतं त्या दिवशी. आता तू सांग, तू मले करशीन का?"

रूपालीनं खिडकीबाहेर पाहिलं. "आत्ताच नाही जमणार, आई," ती म्हणाली. "मला खूप राग आहे. पण तुम्ही तिथं बोललात. नसत्या बोललात तर..." पुढं तिला बोलवेना. तिनं इलाचे पाय उचलून सासूच्या मांडीवर ठेवले.

*

गावात तोवर डोमाजींनी आपलं काम चोख केलं होतं. नकली मटण खाऊन अण्णाजींची नात मरता मरता वाचली, अशी बातमी नाचणगावच्या पाहुण्यांपर्यंत जाऊन पोचली होती. सांगणाऱ्यांत दोघं-तिघं असेही होते की ज्यांनी पॅकेट डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

अण्णाजी म्हणाले, "लोक बोलून बोलून थकतीन. जाऊ दे."

"नाई," जयवंताबाई म्हणाल्या. "सुनेच्या नावावर फिरून राह्यलं हे. शुक्रवारी बचत गटाची बैठक हाय. मी बोलते."

त्या रात्रभर कुशी बदलत होत्या. ज्या गटाच्या त्या अध्यक्ष, ज्या बायकांना त्या स्वच्छतेचे धडे देत, त्यांच्यापुढं उभं राहून हे सांगायचं? पण शुक्रवारी समाजमंदिरात सतरंजीवर बायका बसल्या, आणि जयवंताबाई बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. रूपाली मागं दाराशी इलाला घेऊन थांबली होती.

"बायांनो, ऐका. माह्या नातीले माह्या सुनेच्या मटनानं काही झालं नाई. म्या केलं थे. पेरणीचं उरलेलं औषधाचं सोयाबीन म्या धुतलं अन् त्याचं दूध लेकराले पाजलं. चोरून पाजलं. मले वाटलं, बाहेरचं सारं जहर अन् घरचं सारं अमृत. थे गुलाबी पाणी माह्या डोळ्यापुढं वाहून राह्यलं होतं अन् मले दिसलं नाई. का दिसलं नाई? माहे डोळे दुसऱ्याच्या पॅकेटावर होते! कितीही धुवा, थे औषध जात नाई. डॉक्टरीणबाईनं सांगितलं. दाण्यात मुरते थे. उरलेलं बियाणं खायले नाई, जनावराले नाई, कोंबडीले नाई, विकायले तं नाईच नाई. कृषी सहायकाले इचारा अन् तो सांगन तसं त्याले गाडून टाका. अन् कोणाच्या ताटात काय वाढलं, थे त्याले सांगूनच वाढा."

एक जण कुजबुजली, एक जण पदराशी चाळा करू लागली.

तेवढ्यात गजेंद्रची बायको झटकन उठली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. चपला शोधायचं भानही तिला राहिलं नाही.

"कुठं चालली वं मंधातूनच?" जयवंताबाईंनी विचारलं.

"चक्कीवर, जयवंताकाकू!" ती अनवाणी पळत पळत ओरडली. "पौष्टिक म्हणून गव्हात आमचं पेरणीचं उरलेलं सोयाबीन टाकलं म्या! दळण चढलं असन आतापर्यंत!"

जयवंताबाई तिच्यामागं धावल्या. दारात रूपालीनं इलाला एका बाईच्या हातात दिलं आणि तीही धावली. गल्लीच्या टोकाला चक्कीचा पट्टा फिरत होता. सासू आणि सून दोघी एकदमच ओरडल्या, "बंद कर! अरे, बंद कर ती चक्की!"

पट्टा थांबला. गजेंद्रच्या बायकोचा डबा चक्कीजवळ तसाच होता, झाकण लावलेला. तिचा नंबर यायचा होता. जयवंताबाईंनी झाकण उघडून मूठभर धान्य हातावर घेतलं. गव्हाच्या पिवळ्या दाण्यांत ते गुलाबी दाणे ओळखायला आता त्यांना क्षणही लागला नाही. त्यांनी तळहात रूपालीपुढं धरला आणि रूपालीनं वाकून पाहिलं.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा निळा ड्रम असेल. बाहेरून आलेल्या प्रत्येक घासाकडं आपण डोळे बारीक करून बघतो, आणि बघायलाच पाहिजे. पण आज एकदा उठून त्या ड्रमाचंही झाकण उघडून बघा.